विमानाच्या प्रतिकृतीस पुढची कांच बसविणें

विमानाची प्रतिकृति तयार करणाऱ्या विद्यार्थ्याचें बहुतेक काम झांकलें जाणारें असतें. धडाच्या आंतील फांसळ्या कागदाखालीं जातात, पंखांतील सांधे रंगाखालीं जातात, आणि एखादी कामटी किंचित् वांकडी बसली असली तरी तीवर पतंगाचा कागद ताणून बसविला म्हणजे पाहणाऱ्याच्या तें लक्षांतही येत नाहीं. परंतु एक भाग असा आहे कीं, त्यांतील दोष कशानेंही झांकतां येत नाहीं. तो भाग म्हणजे वैमानिकाच्या समोरची पारदर्शक कांच, अर्थात् विंडस्क्रीन. ती बहुधा अगदीं शेवटीं बसवितात. त्या वेळीं प्रतिकृति जवळजवळ पूर्ण झालेली असते, प्रदर्शनाचा दिवस तोंडावर आलेला असतो, आणि मन उतावीळ झालेलें असतें. अशा घाईंत गोंदाचा एक थेंब कांचेवर ओघळला, किंवा पातें रेषेच्या आंत गेलें, म्हणजे महिन्याभराच्या मेहनतीचें तोंडच विद्रूप होतें. असें होऊं नये म्हणून काय करावें, आणि मुळांत ही कांच असते तरी कशासाठीं, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम तिचें प्रयोजन पाहूं. सफाळ्याहून केळव्याच्या बाजूस सायकलीनें जाणाऱ्या मुलास समोरून येणाऱ्या वाऱ्याची ओळख असतेच. वारा अंगावर येऊं लागला म्हणजे डोळे मिचकावे लागतात व पाय जड होतात. आतां वाऱ्याच्या दाबाचा नियम असा आहे कीं, तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट होतो. वारा पडलेला असतां सायकल ताशीं १६ किलोमीटर वेगानें चालली, तर समोरच्या हवेचा दाब दर चौरस मीटरवर सुमारें सव्वा किलोग्रॅम वजनाइतका असतो. हाच वेग ताशीं १६० किलोमीटर झाला, म्हणजे दसपट वाढला, तर दाब शंभरपट होऊन सुमारें सव्वाशें किलोग्रॅम वजनाइतका होतो. अशा वाऱ्यांत उघड्या डोळ्यांनीं समोर पाहणें कोणासही साधणार नाहीं. म्हणून कांचेस एकाच वेळीं दोन धन्यांची चाकरी करावी लागते. वाऱ्यास तिनें अडवावयाचें, आणि दृष्टीस मात्र मोकळी वाट द्यावयाची.

१७ डिसेंबर १९०३ रोजीं राइट बंधूंपैकीं ऑर्व्हिल यांनीं पहिलें उड्डाण केलें, तेव्हां ते पंखावर पालथे पडलेले होते आणि त्यांच्यासमोर कसलीही कांच नव्हती. पुढें विमानांचा वेग वाढला तशी बसण्याच्या उघड्या खोबणीपुढें लहानशी कांच आली. जिप्सी मॉथ या जातीचीं विमानें अशीं होतीं. त्यांतील वैमानिक डोळ्यांवर जाड चष्मा बांधून बसत. त्यानंतर बैठकीवर छप्पर आलें, भिंती आल्या, आणि कांच ही त्या लहानशा खोलीची पुढली भिंतच झाली.

अशा बंद खोलीच्या एका विमानाचा आपल्या देशाच्या इतिहासाशीं निकट संबंध आहे. त्याचें नांव पुस मॉथ. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे या जातीचें विमान स्वतः चालवीत कराचीहून निघाले, वाटेंत अहमदाबादेस उतरले, आणि सुमारें २५ किलोग्रॅम टपाल घेऊन त्याच दिवशीं दुपारीं मुंबईस जुहूच्या विमानतळावर येऊन पोहोंचले. हिंदी विमान-टपालाच्या टाटांच्या सेवेचा हा आरंभ होय. विद्यार्थ्यांनीं नकाशा उघडून अहमदाबाद व जुहू या दोन ठिकाणांवर पट्टी ठेवावी आणि एक सरळ रेषा ओढावी. ती रेषा पालघर, केळवें, सफाळें या आपल्याच किनारपट्टीवरून खालीं उतरते, असें दिसून येईल. त्या विमानांत मार्ग सांगणारें बिनतारी यंत्र नव्हतें. किनाऱ्याची कड, नदीचें मुख, लोहमार्गाची रेषा, अशा खुणा डोळ्यांनीं पाहूनच वैमानिकानें वाट ओळखावयाची. तेव्हां त्याच्यासमोरची कांच ही शोभेची वस्तु नसून त्याचा वाटाड्या होती, असें म्हटलें तरी चालेल. पन्नास वर्षांनीं, म्हणजे १९८२ सालीं, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, टाटांनीं लेपर्ड मॉथ या जातीच्या विमानांतून त्याच मार्गानें पुन्हां उड्डाण केलें.

आपल्या शाळेंतील मुलांनीं प्रतिकृतीसाठीं हेंच पुस मॉथ निवडावें, अशी आमची सूचना आहे. तें एकच पंखजोडी असलेलें, सरळ रेषांचें विमान असल्यामुळें नवशिक्यास झेपण्याजोगें आहे. मूळ विमानाच्या पंखांची एकंदर लांबी ३६ फूट ९ इंच व धडाची लांबी २५ फूट होती. एका फुटास एक इंच असें प्रमाण धरिलें तर प्रतिकृतीचे पंख पावणेसदतीस इंच व धड पंचवीस इंच होतें; हिशेब करणें सोपें जातें. या विमानाचे पंख खोलीच्या वर असतात आणि कांच पंखांच्या पुढल्या कडेपासून इंजिनाच्या पेटीकडे तिरपी उतरते. प्रतिकृतीपुरती ती सपाट तुकड्यांची मानून करावी.

कांच तिरपी कां, असा प्रश्न कोणी विचारील. सपाट फळी वाऱ्यासमोर उभी धरिली म्हणजे हवा तिच्यावर आदळते, कडांवरून कशीबशी निसटते, आणि फळीच्या मागें भोंवरे उत्पन्न होतात. हे भोंवरे विमानास जणूं मागें ओढीत असतात. तीच फळी तिरपी केली तर हवा तिच्या अंगावरून घसरत वर व बाजूंस जाते आणि भोंवरे कमी होतात. वस्तूच्या पृष्ठभागाला लगटून वाहणारी हवा कशी वागते, याचा सिद्धान्त जर्मनींतील गॉटिंगन येथील आचार्य लुडविग प्रांट्ल यांनीं १९०४ सालीं मांडला. त्यांच्या हाताखालीं शिकून आलेल्या हिंदी विद्यार्थ्यांत कोल्हापूर जिल्ह्यांत १९०८ सालीं जन्मलेले डॉ. विष्णु माधव घाटगे हे एक होते. सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांच्या प्रयत्नानें १९४० सालीं बंगळूर येथें हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना निघाला. तेथें घाटगे यांनीं एच. टी. २ नांवाचें शिकाऊ वैमानिकांसाठींचें विमान आंखलें, व १९५१ सालीं तें प्रथम आकाशांत गेलें. त्यांत गुरु व शिष्य एकामागें एक बसत आणि दोघांवर मिळून पारदर्शक छत असे. तशा छताविषयीं पुढें सांगूं.

आतां सामग्रीकडे वळूं. प्रतिकृतीस खरी कांच लावावयाची नसते. ती जड असते व फुटते. सदऱ्याच्या किंवा मिठाईच्या खोक्याचें पारदर्शक झांकण, अथवा चित्रकलेच्या सामानाच्या दुकानांत मिळणारा ॲसिटेटचा ताव, हीं उत्तम. जाडी पाव मिलिमीटरपेक्षां अधिक नसावी. जाड प्लास्टिक मजबूत दिसतें म्हणून मुलांस त्याचा मोह पडतो. तो कां आवरावा, हें थोड्या गणितानें समजेल. समजा, कांचेचें क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर आहे. पाव मिलिमीटर जाडीचा ॲसिटेटचा तुकडा सुमारें २ ग्रॅम भरतो. एक मिलिमीटर जाडीचा ॲक्रिलिकचा तुकडा सुमारें ७ ग्रॅम भरतो. प्रतिकृतीचें वजन १५० ग्रॅम असून कांच तिच्या तोलबिंदूच्या ८ सेंटिमीटर पुढें असेल, तर पातळ कांचेनें तोलबिंदु एक मिलिमीटर पुढें सरकतो, आणि जाड कांचेनें साडेतीन मिलिमीटर. एवढ्यानेंही हलक्या विमानाचें नाक खालीं जाऊं लागतें, व मग शेपटीस वजन लावून दुसरी चूक करावी लागते.

शिवाय एवढ्या मजबुतीची गरजही नसते. सहा मीटर प्रतिसेकंद वेगानें उडणाऱ्या प्रतिकृतीच्या ६० चौरस सेंटिमीटर कांचेवर, ती अगदीं उभी धरिली तरी, हवेचा एकंदर भार सुमारें १३ ग्रॅम वजनाइतकाच पडतो. तिरपी कांच याहूनही कमी भार घेते. यावरून असें ठरतें कीं, या कामांत बळकटपणापेक्षां नेटकेपणाचें महत्त्व अधिक आहे.

नेटकेपणाची गुरुकिल्ली कागद ही होय. शिंपी महाग कापडास कात्री लावण्यापूर्वीं तें बेततो. त्याचप्रमाणें प्लास्टिकच्या तावास हात लावण्यापूर्वीं चित्रकलेच्या जाड कागदाचा नमुना करावा. कागद मध्यें दुमडून घ्यावा व दुमडीची रेषा धडाच्या मध्यरेषेवर धरावी. मग अर्ध्याच भागाचा आकार आंखून दोन्ही पदर एकत्र कापावे, म्हणजे डावी व उजवी बाजू आपोआप सारखी होते. नमुना उलगडून विमानावर ठेवावा. जेथें फट दिसेल तेथें खूण करावी, जेथें कागद अडेल तेथें केसभर कापावा. पहिला नमुना क्वचितच बरोबर येतो. दुसरा बरा येतो, तिसरा बहुधा बसतो. प्रत्येक नमुन्यावर क्रमांक घालून तो जपून ठेवावा. कोठें किती फरक केला हें त्यावरून कळतें. कांचेच्या सर्व कडांस तीन मिलिमीटर रुंदीची पट्टी चिकटविण्यासाठीं अधिक ठेवण्यास विसरूं नये.

नमुना मनासारखा बसला म्हणजे तो पारदर्शक तावाच्या खालीं चिकटपट्टीनें पक्का करावा व सुईच्या टोंकानें त्याची बाह्यरेषा वर उतरून घ्यावी. कापण्यासाठीं नवें पातें व पोलादी पट्टी घ्यावी. एकाच दाबांत आरपार कापण्याचा हट्ट धरूं नये. तीन चार वेळां हलक्या हातानें पातें फिरवावें. जेथें कांच दुमडावयाची असेल तेथें पातें न वापरतां बोथट सुईनें पट्टीच्या कडेनें एक रेघ दाबून घ्यावी. त्या रेघेवर ताव सरळ दुमडतो व चिरत नाहीं. हें काम खालच्या इयत्तेंतील मुलांनीं वडील माणसाच्या समक्षच करावें.

येथें कामाच्या क्रमाविषयीं सावध करणें अवश्य आहे. पंखांवरील कागद ताणून घट्ट करण्यासाठीं डोप नांवाचें रोगण लावतात. त्यांतील पातळ द्रव ॲसिटेटला विरघळवितो. डोपाचा हात लागलेली कांच दुधी होते व ती पुन्हां स्वच्छ होत नाहीं. म्हणून डोपाचें व रंगाचें सर्व काम संपून वास पूर्णपणें गेल्यावरच कांच बसवावी. त्याचप्रमाणें खोली बंद करण्यापूर्वीं आंतील भाग गडद रंगवून, लांकडाचा भुसा व धूळ मऊ कुंचल्यानें काढून टाकावी. एकदां कांच बसली म्हणजे आंत राहिलेला एक केसही वर्षानुवर्षें दिसत राहतो. कांच साबणाच्या पाण्यानें धुवावी, ओल्या मऊ कापडानें टिपावी, आणि पुढें ती केवळ कडांस धरूनच हाताळावी.

गोंद कोणता, हा सर्वांत नाजूक प्रश्न होय. क्षणांत चिकटणारा जो गोंद लहान नळींत मिळतो, त्याचा मोह फार. रसायनशास्त्रांत त्यास सायनोॲक्रिलेट म्हणतात. तो हवेंतील ओलाव्यानें घट्ट होतो. घट्ट होतांना त्याची वाफ उडते, ती ओलाव्याशीं मिळून जवळच्या पृष्ठभागावर पांढऱ्या भुकटीच्या रूपानें बसते, आणि कांचेवर धुकें पसरल्यासारखें दिसतें. हवा जितकी दमट तितका हा दोष अधिक. आपला सफाळ्याचा परिसर खाडी व समुद्र यांच्या शेजारचा. पावसाळ्यांत तर येथें भिंतीही घाम सोडतात. तेव्हां हा गोंद कांचेसाठीं येथें वापरूंच नये. त्याची वाफ डोळ्यांस झोंबते. आणि तो सुती कापडावर सांडला तर एकाएकीं तापून कातडी भाजूं शकते, हेंही पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

त्याऐवजीं सुतार वापरतात तो पांढरा गोंद घ्यावा. तो ओला असतां पांढरा दिसतो, वाळल्यावर स्वच्छ होतो, आणि चुकून बाहेर आलेला थेंब ओल्या कापडानें पुसतां येतो. मात्र गुळगुळीत प्लास्टिकमध्यें त्यास शिरण्यास जागा नसते. म्हणून तीन मिलिमीटरची जी कड आपण राखून ठेविली, तेवढीच बारीक कांचकागदानें खरबरीत करावी. तत्पूर्वीं बाकीच्या भागावर कागदी चिकटपट्टी लावून ठेवावी, म्हणजे ओरखडे पडणार नाहींत. गोंद काडीनें, पातळ व सारखा लावावा. प्रथम मध्यरेषा जुळवावी, मग वरची कड, मग खालची, आणि शेवटीं दोन्ही बाजू. प्रत्येक ठिकाणीं कागदी पट्टीचा तुकडा लावून कांच धरून ठेवावी व रात्रभर हात लावूं नये. पावसाळ्यांत दोन रात्री थांबावें. हें थांबणें हाही कामाचाच भाग आहे.

सांधा वाळल्यावर त्यावर चौकट करावी. मूळ विमानांत कांचेचे तुकडे चौकटींत बसविलेले असत. प्रतिकृतींत त्यासाठीं दोन अडीच मिलिमीटर रुंदीच्या कागदाच्या पट्ट्या अगोदर रंगवून, वाळवून, मग चिकटवाव्या. कांचेवर कुंचल्यानें रेघ ओढूं गेल्यास हात हमखास कांपतो. पट्टी मात्र पट्टीनेंच कापलेली असल्यामुळें सरळच बसते, आणि कडेचा बारीकसारीक उणेपणाही सांवरून घेते.

ज्यांचा हात बसला आहे त्यांनीं एच. टी. २ सारखें फुगीर छत करून पाहावें. असें छत सपाट ताव दुमडून होत नाहीं. सावरीच्या हलक्या लांकडाचा छताच्या आकाराचा ठोकळा कोरून तो कांचकागदानें अगदीं गुळगुळीत करावा. कारण लांकडाची प्रत्येक रेषा प्लास्टिकवर उमटते. पाण्याची पारदर्शक प्लास्टिकची बाटली बुडाशीं कापून त्यांत तो ठोकळा घट्ट बसवावा. मग वडील माणसानें हातमोजे घालून, उष्ण हवा सोडणाऱ्या यंत्रानें ती सर्व बाजूंनीं सारखी तापवावी. या जातीच्या प्लास्टिकमध्यें उष्णतेनें आकसण्याचा गुण आहे. तें ठोकळ्याच्या अंगास घट्ट लपेटून बसतें. पूर्ण निवाल्यावर आकार आंखून कापावा. उघड्या ज्योतीवर हा प्रयोग कधींही करूं नये.

कांच बसली म्हणजे दोन परीक्षा घ्याव्या. पहिली दृष्टीची: विमान डोळ्यांच्या उंचीवर धरून समोरून पाहावें. आंतील बैठक स्पष्ट दिसली, आणि कांचेच्या दोन्ही बाजू सारख्या उतरल्या असल्या, म्हणजे काम साधलें. दुसरी तोलाची: पंखांच्या खालीं, ठरलेल्या तोलबिंदूवर, दोन बोटांचा आधार द्यावा. नाक किंचित् खालीं झुकून विमान स्थिर राहिलें पाहिजे. मगच तें मैदानांत न्यावें. भातकापणीनंतर मोकळीं झालेलीं शेतें व सकाळची मंद हवा यांहून चांगली जागा व वेळ आपल्याकडे नाहीं. मात्र लोहमार्गाच्या विजेच्या तारांपासून दूर जावें.

शेवटीं पालकांस एक विनंति. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई विभागांत विमानाच्या प्रतिकृति करणें हा शिक्षणाचा एक भाग आहे. तो केवळ करमणुकीसाठीं ठेविलेला नाहीं. आपला मुलगा किंवा मुलगी असें काम करीत असतां मुलाचें काम सुरेख दिसावें म्हणून कांच आपण कापून देऊं नये, व तयार प्रतिकृति विकत आणूं नये. चांगलें पातें द्यावें, जवळ बसावें, आणि कागदाचे दोन चार नमुने फुकट गेले तर रागावूं नये. कागदावर झालेली चूक एका कागदाच्या किंमतींत फिटते. तीच चूक कांचेवर झाली म्हणजे सर्वांस दिसते व पुसतां येत नाहीं. हा फरक ज्या विद्यार्थ्यास स्वतःच्या हातांनीं कळला, तो पुढें घर बांधो, औषध देवो कीं विमान चालवो, मोलाच्या वस्तूस हात घालण्यापूर्वीं एकदां कागदावर बेत करून पाहील.